पाहुणा ओसरीवरचा

परदेशी लोकप्रतिनिधींना हॉटेलाऐवजी सामान्य कुटुंबाच्या घरी उतरवून तेथील नागरी जीवन दाखवण्याची पद्धत अमेरिकेच्या संसदेने 1999 मध्ये 'ओपन वर्ल्ड' या कार्यक्रमाद्वारे, प्रथम रशियन पाहुण्यांसाठी, रुजवली. महाराष्ट्राला मात्र ही कल्पना परकी नाही. 1932 च्या मताधिकार समितीचे, म्हणजे भारतात मताचा हक्क कोणाला द्यावा हे तपासणाऱ्या समितीचे, अध्यक्ष लॉर्ड लोथियन 1938 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींकडे मातीच्या घरात राहिले होते. ज्या खेड्यांच्या मताधिकाराचा हिशेब कागदावर झाला, त्यांतले एक त्यांनी आतून पाहिले, आणि हे कोणत्याही दिल्ली दरबारात घडले नसते.

पुणे-सातारा महामार्गावर, नीरेच्या काठी, भोर तालुक्याच्या सीमेवर वसलेल्या सारोळ्यासारख्या गावात असा पाहुणा दोन रात्री राहिला, तर त्याला ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा, आणि 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेली पंचायत प्रत्यक्ष पाहता येईल. अडचण आदरातिथ्याची नाही, कागदाची आहे: परदेशी व्यक्ती घरी उतरली की यजमानाला तिची माहिती चोवीस तासांत सरकारला ठरावीक नमुन्यात कळवावी लागते, आणि हा नियम गावात क्वचितच कोणाला ठाऊक असतो. तेव्हा जिल्हा परिषदेने यजमान कुटुंबांची यादी आणि दुभाषे आधी तयार ठेवावेत. सत्काराचे हारतुरे आणि लांबलचक भाषणे मात्र टाळावीत, कारण त्यांत पाहुण्याचा अर्धा दिवस जातो आणि सभेत पाण्यावरून होणारे भांडण पाहायचे राहून जाते.