मुलींनी मागितलेला कागद

दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्या वाचकांना गांधीजींचे तेथील वास्तव्य आठवते, आणि १८९४ मध्ये त्यांनी तेथून श्रीमद् राजचंद्रांना लिहून पाठवलेले सत्तावीस प्रश्न आठवतात. त्या देशातील स्त्रियांचा फुटबॉल हा काही आपल्या पानांवरचा नेहमीचा विषय नव्हे. तरीही या महिन्यात मी तो घेतला आहे. त्या संघाच्या उत्कर्षाच्या कथेत चेंडूइतकेच महत्त्व एका कागदाला आले आणि माझे सारे सेवाजीवन कागदांच्या सहवासातच गेले, हे त्याचे कारण.

या संघाला तेथे ‘बन्याना बन्याना’ म्हणतात, म्हणजे ‘मुली मुली’. पुरुषांचा संघ ‘बफाना बफाना’, म्हणजे ‘मुलगे मुलगे’. प्रेमाचे नाव आहे, तक्रार नाही. पण तिशी ओलांडलेल्या, घर चालवणाऱ्या स्त्रियांनाही देश ‘मुली’च म्हणतो, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येईल.

वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेला फिफाने १९७६ मध्ये निष्कासित केले होते. १९९२ मध्ये दार पुन्हा उघडले आणि ३० मे १९९३ रोजी महिला संघ पहिला अधिकृत सामना खेळला. समोर स्वाझीलँड होते, निकाल १४-०. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या डेझिरी एलिस तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. ज्या वयात इतर खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले, कारण त्याआधी देशालाच मैदान नव्हते. राष्ट्रीय संघासाठी रजा घ्याव्या लागत म्हणून त्यांची नोकरीही गेली. पुढे त्या संघाच्या कर्णधार झाल्या आणि नंतर प्रशिक्षक.

चौदा गोलांनी सुरुवात झाली तरी यश सहज आले नाही. आफ्रिकन महिला राष्ट्र चषकाच्या अंतिम फेरीत हा संघ १९९५, २०००, २००८, २०१२ आणि २०१८ असा पाच वेळा पोहोचला आणि पाचही वेळा हरला. २०१८ चा पराभव तर नायजेरियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये झाला. मधल्या काळात काही उजळ क्षण आले. लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनविरुद्ध पोर्शिया मोडिसे यांनी मध्यवर्तुळातून मारलेला गोल आजही आवर्जून पाहण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर गोल करणारी पहिली आफ्रिकन व्यक्ती, स्त्री वा पुरुष, त्याच. २००९ पासून ‘सासोल’ या कंपनीचे प्रायोजकत्व मिळाले, २०१९ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, आणि २०२१ मध्ये स्त्रियांसाठीचा पहिलाच आफ्रिकन चॅम्पियन्स लीग चषक प्रिटोरियाच्या मामेलोडी सनडाउन्स या क्लबने जिंकला. मुद्दलात नियमित भर पडत गेली की व्याज दिसू लागते, तसे हे झाले.

२३ जुलै २०२२ रोजी रबात येथे, यजमान मोरोक्कोच्या प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानावर, हिल्डा मगाया हिने दुसऱ्या सत्रात दोन गोल केले. संघ २-१ ने जिंकला आणि आफ्रिकेचा विजेता ठरला. सर्वांत धारदार खेळाडू थेंबी खात्लाना त्या स्पर्धेतच टाचेच्या स्नायुबंधाला इजा होऊन बाहेर पडली होती. तिच्याविना हे घडले.

आता कागदाकडे येतो. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विश्वचषक होता. निघण्यापूर्वी २ जुलै २०२३ रोजी जोहान्सबर्गच्या पूर्वेकडील त्साकाने येथे बोत्स्वानाविरुद्ध निरोपाचा सामना ठेवला होता. विश्वचषकाच्या संघातील खेळाडूंनी त्यात उतरण्यास नकार दिला. मैदान इजा होण्याजोगे होते, ही एक तक्रार; आणि विश्वचषकाचे मानधन आपल्या करारात लेखी नमूद व्हावे, ही दुसरी मागणी. फिफाने गटसाखळीसाठी प्रत्येक खेळाडूला ३०,००० डॉलर जाहीर केले आहेत, मग वर आणखी कशाला, अशी महासंघाची भूमिका होती. परंतु फिफाची ती रक्कम थेट खेळाडूंच्या खात्यात जमा होणार नव्हती; ती राष्ट्रीय महासंघांमार्फत जाणार होती. स्पर्धेच्या पूर्वसंध्येला फिफाच्या अध्यक्षांनीही ती खेळाडूंपर्यंत पोहोचेलच अशी हमी देण्याचे टाळले. ज्याने एकदा तरी कर्जाची कागदपत्रे वाचली आहेत, त्याला ‘जाहीर झालेली रक्कम’ आणि ‘देय रक्कम’ यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

महासंघाने काय केले? घाईघाईने दुसराच संघ गोळा करून मैदानात उतरवला. त्यात तेरा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. सामना सुमारे तासभर उशिरा सुरू झाला आणि ५-० ने गमावला. अखेर मोत्सेपे प्रतिष्ठानाने साठ लाख रँड दिले तेव्हा तिढा सुटला. हा दानधर्म स्तुत्य आहे, परंतु देणे असलेली रक्कम दानातून चुकती व्हावी हे मला काही पटत नाही.

अशा वेळी एक ठरावीक प्रश्न विचारला जातो: देशासाठी खेळताना पैशाचा हिशोब कशाला? आपल्या समाजात तो जरा अधिक सात्त्विक शब्दांत येतो. येथे मला थोडे स्पष्ट लिहू द्यावे. अपरिग्रह हे व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याच्या मानधनात काटछाट करून त्याच्याकडून ते पाळून घेता येत नाही. उलट आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त मापणे, हा दोष स्पष्ट सांगितला आहे. तो केवळ धान्याच्या मापाला लागू आहे असे समजण्याचे कारण नाही. संस्थांची अशी हिशोबपत्रके मी पाहिली आहेत, ज्यांत संगमरवराचा खर्च पैशापर्यंत लिहिलेला असतो आणि पाठशाळेत पंधरा वर्षे शिकवणाऱ्या ताईंचे मानधन ‘किरकोळ’ या सदरात जाते. ताईंजवळ नेमणुकीचे पत्र नसते. विचारले तर ‘त्या सेवा करतात’ असे उत्तर येते. त्या सेवा करतात हे खरेच आहे. पण ती सेवा आहे की नोकरी, हे ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांकडे कसा आला? ‘मुली’ या लाडक्या संबोधनाविषयी मी वर लिहिले, ते याचसाठी. लाडाने हाक मारली की लेखी काही देण्याची गरज वाटेनाशी होते.

त्या मुली विश्वचषकाला गेल्या. स्वीडनविरुद्ध त्या २-१ ने हरल्या, आणि अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांची आघाडी गमावून २-२ अशी बरोबरी झाली. २ ऑगस्टला, त्साकानेच्या प्रकारानंतर बरोबर एका महिन्याने, वेलिंग्टनमध्ये इटलीशी सामना होता आणि पुढे जायचे तर जिंकणेच भाग होते. नियमित वेळ संपली तेव्हा २-२ होते. भरपाईच्या वेळेत मगायाने चेंडू पुढे दिला आणि खात्लानाने तो जाळ्यात धाडला. त्या काही आठवड्यांत तिच्या कुटुंबातील तीन माणसे गेली होती, तरी ती संघाबरोबर थांबली होती. दक्षिण आफ्रिकेचा कोणताही संघ, पुरुषांचा किंवा स्त्रियांचा, त्याआधी विश्वचषकाच्या बाद फेरीत पोहोचला नव्हता. तेथे नेदरलँड्सने त्यांना २-० ने हरवले. बाद फेरी गाठल्यामुळे फिफाच्या तक्त्यानुसार प्रत्येकीच्या नावापुढे आता ६०,००० डॉलरचा आकडा लागला होता.

२०२५ मध्ये मोरोक्कोत आफ्रिकेचे विजेतेपद राखण्यासाठी त्या पुन्हा उतरल्या. उपांत्य सामन्यात नायजेरियाने अगदी अखेरच्या क्षणी गोल करून २-१ असा विजय मिळवला, आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना त्या घानाकडून पेनल्टींवर हरल्या. बाकावर प्रशिक्षक म्हणून डेझिरी एलिसच होत्या, वय बासष्ट.