पिवळा दिवा आणि बायपासपंथी

दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागून राहिला की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो, "साहेब, बायपास करून टाकू." नव्या मॉड्युलेटरची, म्हणजे एबीएसच्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याची, किंमत ऐकून मालकाचा चेहरा उतरलेला असतोच. ती रक्कम आणि गाडीची आजची बाजारकिंमत शेजारी मांडली की सल्ला शहाणपणाचा वाटू लागतो. फ्यूज काढायचा, नाहीतर मॉड्युलेटरच उतरवून पाइप एकमेकांना जोडायचे, की काम संपले. या पंथाचे अनुयायी फक्त गॅरेजात नाहीत. जुन्या गाड्यांचे शौकीन त्यात आहेत, "आम्ही एबीएसशिवाय उभा जन्म घाट उतरलो" म्हणणारे मुरलेले चालक आहेत आणि यंत्रात इलेक्ट्रॉनिक्स घुसल्याचा मनापासून राग असलेले इंजिनिअरही आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष त्यांच्याच ताकदीने मांडायला हवा.

त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा. भारतात मोटारींच्या नव्या मॉडेलांना एबीएस सक्तीचे झाले एप्रिल २०१८ मध्ये आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना एप्रिल २०१९ मध्ये. तोवर ते बहुधा वरच्या व्हेरियंटचा दागिना होते. त्याच गाडीचा खालचा व्हेरियंट एबीएसशिवाय सर्रास विकला गेला आणि आजही बिनबोभाट धावतो आहे. मग आपल्या गाडीचे एबीएस काढले, तर ती फार तर त्या स्वस्त व्हेरियंटइतकी होईल. त्यात बिघडले काय?

ती तशी होत नाही, इथेच सगळी गफलत आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. त्यांनाही पुढच्याइतकाच दाब मिळाला तर मागची आधी जाम होतात. पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग हातचे जाते, पण गाडी निदान नाकासमोर घसरते. मागची आधी जाम झाली तर शेपूट पुढे यायला बघते आणि गाडी गरकन फिरते. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब आवरता ठेवावा लागतो. स्वस्त व्हेरियंटमध्ये हे काम प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह नावाचा साधा यांत्रिक तुकडा करतो. एबीएसच्या व्हेरियंटमध्ये, ईबीडी (ब्रेकचा दाब पुढे-मागे वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर, हा तुकडा बहुधा ठेवलेलाच नसतो. मागचा दाब किती द्यायचा हे ईबीडी ठरवते आणि ते याच मॉड्युलेटरच्या व्हॉल्व्हमधून चालते. मॉड्युलेटर काढून पाइप जोडलेत की मागच्या चाकांना लगाम घालणारे कोणीच उरत नाही. एबीएस काढलेली गाडी ही तिसरीच गाडी असते. तिचे ब्रेक कोणत्याही कंपनीने आखलेले नसतात, कोणी तपासलेले नसतात.

फ्यूज काढणाऱ्यांनी हसू नये, कारण त्यांचेही तेच होते. एखादा सेन्सर मेला तर बहुतेक गाड्यांत फक्त एबीएस बंद पडते आणि ईबीडी चालू राहते; एकटा पिवळा दिवा लागतो तो त्यासाठी. फ्यूज काढला की दोन्ही जातात आणि सोबत हँडब्रेकचा लाल दिवाही पेटतो. मग बायपासपंथी त्या लाल दिव्याचाही बंदोबस्त करतो. ब्रेक ऑइल खाली गेल्याची खबर देणारा दिवा तोच, हे त्याच्या गावीही नसते.

पाइपांच्या जोडणीतही मेख आहे. मॉड्युलेटरमध्ये मास्टर सिलिंडरकडून दोन पाइप येतात आणि चाकांकडे चार जातात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही विभागणी तिरकी असते; पुढचे डावे चाक मागच्या उजव्याबरोबर. एक बाजू फुटली तरी पुढचा एक ब्रेक हाताशी राहावा, ही त्यामागची योजना. घाईत टी-जॉइंट लावून पुढची दोन्ही चाके एका बाजूला घेतली, तर एका गळतीत दोन्ही जातात.

आता कसलेल्या चालकांचा दावा. कोरड्या, एकसारख्या डांबरावर पाय सांभाळून ब्रेक मारणारा माणूस एबीएसच्या बरोबरीने थांबू शकतो, हे मान्य. पण पावसात बोरघाट उतरताना डावी चाके चिखलावर आणि उजवी काँक्रीटवर असतील तर? पंपिंग कितीही जलद करा, एका पायाने चारही चाकांना एकच हुकूम जातो. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा वाचते आणि दाब सेकंदाला कित्येकदा सोडते-धरते. बॉशचे हे इलेक्ट्रॉनिक तंत्र १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले, ते याच कारणासाठी: भर ब्रेकमध्येही गाडी वळवता यावी. सुट्या खडीवर किंवा वाळूत एबीएसची गाडी उशिरा थांबते, हेही खरे; तिथे जाम चाकापुढे खडीचा ढीग साचतो आणि तोच अटकाव करतो. पण कोकणातल्या एखाद्या वाडीच्या वाटेसाठी अख्ख्या गाडीचे ब्रेक बिघडवायचे, हा कुठला न्याय?

आकडेवाले विरोधक अधिक तयारीचे असतात. ते १९८० च्या दशकातल्या म्युनिकच्या टॅक्सींचा दाखला देतात. एबीएसच्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत, कारण चालक जास्त बेदरकार झाले. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाचा २००९ चा अहवालही ते काढतात, ज्यात जीवघेण्या अपघातांवर एबीएसचा एकूण परिणाम जवळजवळ शून्य निघाला. दोन्ही दाखले खरे आहेत. पण त्याच अहवालात मोटारींचे एकूण अपघात सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसते. पादचाऱ्यांना होणाऱ्या जीवघेण्या धडका घटल्या, रस्त्याबाहेर जाऊन होणारे जीवघेणे अपघात मात्र वाढले. आपल्या रस्त्यावर माणसे कुठून कशी आडवी येतात हे पाहणाऱ्याने यातले कोणते पारडे जड मानायचे ते ठरवावे. आणि म्युनिकचा धडा चालकाच्या स्वभावाबद्दल आहे. एबीएस उपटल्याने बेदरकार माणूस सावध झाल्याचे त्या अभ्यासाने कुठेही दाखवलेले नाही.

मग करायचे काय? आधी स्कॅनर लावायचा. दिवा लागला म्हणजे मॉड्युलेटर गेला, ही समजूत गॅरेजवाल्याला सोयीची असते, एवढेच. चाकाजवळ घासून तुटलेली सेन्सरची वायर, सेन्सरवर साचलेला चिखल, गंजून तडकलेली दातेरी रिंग, ढिले बेअरिंग, मरायला टेकलेली बॅटरी, यांपैकी काहीही निघू शकते आणि ते मॉड्युलेटरच्या मानाने स्वस्तात निभते. मॉड्युलेटरच खराब निघाला तर दुरुस्त केलेला किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारातला तंतोतंत त्याच पार्ट नंबरचा शोधावा, आणि हवा काढताना स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडून काढावी. तो मुळात का गेला, हेही विचारावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश, ओलावा मुरल्यावर १५५. डॉट ३ चा २०५ वरून १४०. त्याच ओलाव्याने आतले बारीक व्हॉल्व्ह गंजतात. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचा कंटाळा करणारेच पुढे मॉड्युलेटरच्या किमतीवर बोंब मारतात.

दुसऱ्या टोकाचे वीर जुन्या बिनएबीएसच्या गाडीत भंगारातले एबीएस बसवायला निघतात. त्यांच्याशी फार वाद नको. ते सॉफ्टवेअर एका ठरावीक गाडीचे वजन, चाकाचा घेर आणि ब्रेकचा आकार धरून लिहिलेले असते. तो पैसा चांगल्या टायरांत, पॅडमध्ये, रबरी होजमध्ये आणि ताज्या ऑइलमध्ये घालावा. टायर गुळगुळीत असेल तर एबीएसही काय धरून ठेवणार?

कायद्याचेही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्याविरुद्ध आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण आरसीवर एबीएसचा रकाना नसतो आणि बॉनेट उघडून पाइप मोजणारा आरटीओ माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा या धाकावर माझी भिस्त नाही.

माझी खरी तक्रार पुढच्या गिऱ्हाइकाच्या वतीने आहे. बायपास केलेली गाडी विकली जाते आणि घेणाऱ्याला कागदावर एबीएसचाच व्हेरियंट दिसतो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा चावी फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड बघा. एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असण्याची शक्यता आहे. शेजारच्या दुसऱ्या दिव्याबरोबर अगदी एका ठोक्याला लागला-विझला तर वायर त्याला जोडलेली असण्याचा संशय घ्या. मग रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ताशी तीसच्या वेगात मागे कोणी नाही हे बघून कचकन ब्रेक दाबा आणि दाबून धरा. पेडल पायाखाली थरथरले पाहिजे. थरथरले नाही आणि टायर किंचाळले, तर विकणाऱ्याला तिथेच उतरवून बॉनेट उघडायला सांगा.