लाल दिव्याची वायर काढू नका, आधी प्रेशर मोजा

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांची पोरं बसनं शाळेत जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर गळीत हंगामात बस कशी चालते ते तुम्हाला माहीत आहे. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं आपण. इंजिन तापलेलं, आरपीएम कमी. जुन्या डिझेल इंजिनाचं दुखणं नेमकं इथंच बाहेर पडतं. ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो.

मागच्या हंगामात आमच्या भागातल्या एका शाळेच्या जुन्या बसचं असंच झालं. नाव सांगत नाही, कारण हा प्रश्न एकट्या शाळेचा नाही. ड्रायव्हरनं दिवा दाखवला. मेस्त्रीनं बघताक्षणी सांगितलं, "बेरिंगं गेली, इंजिन उतरवावं लागेल." खर्च ऐकून संस्थेनं सोपा उपाय केला. दिव्याची वायरच काढली! तीन आठवडे पोरं त्याच बसमधून गेली-आली.

ऑइलचं प्रेशर गेलं की बेरिंग कोरडी पडते आणि इंजिन जाम होतं. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालतो. हे भीमेच्या पुलावर, मागं भरलेला ट्रक असताना झालं तर?

शेवटी ड्रायव्हर माझ्याकडं आला. मी बरीच वर्षं डिझेलचं काम केलंय. आधी ऑइलची पट्टी काढली. ऑइल खुणेच्या वर! ड्रायव्हर म्हणाला, "गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतंय." इथंच चोर सापडला. ऑइल आपोआप वाढत नसतं. वाढलं तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. पाणी असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. इथं ते पातळ झालेलं आणि डिझेलचा वास मारत होतं. फीड पंपाचं सील गेलं होतं.

सील बदललं, ऑइल आणि फिल्टर बदलला. जुना फिल्टर कापून बघितला, धातूचा कीस नव्हता. मग दिव्याचा स्विच काढून तिथं साधं मेकॅनिकल गेज लावलं आणि इंजिन चांगलं तापल्यावर आयडलला आणि रेसवर प्रेशर मोजलं. कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यात बसलं. इंजिन उतरवावं लागलं नाही. वायर मात्र पहिली जोडली.

दर वेळी असं स्वस्तात सुटतं असं नाही. बेरिंगंही जातात. पण ते अंदाजानं नाही, मोजून ठरवायचं. ढोबळ हिशोब असा:

१. दिवा लागतो पण गेजवर प्रेशर बरोबर येतं, तर स्विच किंवा वायर खराब आहे.
२. थंड असताना ठीक, तापल्यावर आयडलला पडतं आणि रेस दिली की वाढतं, तर ऑइल पातळ झालंय किंवा बेरिंगं झिजलीत. फिल्टरमध्ये चमकणारा कीस दिसला तर मेस्त्री खरं बोलतोय, इंजिन उघडा.
३. थंड-गरम कसंही कमीच, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा ढिली स्प्रिंग, चेंबरातली चोंदलेली जाळी किंवा झिजलेला ऑइल पंप बघा.
४. ब्रेक मारल्यावर किंवा वळणावरच दिवा लागतो, तर आधी ऑइलची पातळी बघा.

किती प्रेशर पाहिजे? आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या. पुस्तक नसेल तर हजार आरपीएमला १० पीएसआय हा गॅरेजमधला जुना अंदाज आहे. आणि जाड ऑइल ओतून दिवा विझवणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी देणं. दिवा विझतो, झीज चालूच राहते.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती आपल्या शिरूरवरूनच गेली. तेव्हापासून या भागातली पोरं बसच्या भरवशावर शिकली. वाडी-वस्तीवरची बस बंद झाली की पहिली शाळा सुटते ती मुलीची. म्हणून जुनी बस भंगारात काढा असं मी म्हणत नाही. चालवा, पण मोजून चालवा.

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या पालकांना आणि संस्थाचालकांना माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक जुन्या बसचं तापलेल्या इंजिनावरचं ऑइल प्रेशर दर महिन्याला वहीत लिहा. आकडा हळूहळू उतरताना दिसला तर इंजिन जाम व्हायच्या आत कळतं. गेज न लावता कुणी इंजिन उतरवायला सांगितलं तर आधी रीडिंग मागा. आणि लाल दिवा लागला म्हणून ड्रायव्हरनं बस बाजूला घेऊन इंजिन बंद केलं तर त्याचा पगार कापू नका, त्याला शाबासकी द्या. त्या दिवशी पोरांना उशीर होईल. होऊ द्या.

पुढच्या पालक सभेत एकच प्रश्न विचारा: "आपल्या बसचं ऑइल प्रेशर किती आहे?" उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.