इथं पाऊस, तिथं का नाही?

मार्च 2020 मध्ये दहावीच्या मुलांचा शेवटचा पेपर उरला होता, भूगोलाचा. तो 23 तारखेला व्हायचा होता. करोना आला, पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. त्या परिस्थितीत दुसरं काही करणं शक्य नव्हतं. पण ‘बरं झालं, भूगोलच राहिला होता’ असं तेव्हा लोक सहज बोलून गेले, ते मला लागलं. त्याच उन्हाळ्यात आपण सगळे नकाशात डोकं घालून बसलो होतो. आपला जिल्हा लाल की नारिंगी, मुंबईहून निघालेली माणसं कुठल्या वाटेनं गावाकडे येतायत, तालुक्याच्या हद्दीवर अडवतात का? घराघरांत भूगोलच चालला होता.

एरवी बोलताना आपण हा शब्द फार ऐसपैस वापरतो. 1971 साली उपखंडाचा भूगोल बदलला, असं म्हणतो. सोयरीक जमवायची तर समोरच्या घराचा इतिहास-भूगोल काढतो. त्यातला इतिहास चार पिढ्यांचा असेल, पण भूगोल अगदी रोखठोक असतो: गाव कुठलं, जमीन बागायती की जिरायती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का. मुलगी द्यायची की नाही, हे कित्येकदा त्या शेवटच्या उत्तरावर ठरतं. शाळेत मात्र हाच विषय 40 गुणांचा होतो, आणि मुलं तो राजधान्या, पिकं आणि नकाशात भरायच्या ठिकाणांपुरता लक्षात ठेवतात. माझ्या मते भूगोलाला एकच प्रश्न विचारायचा असतो: हे इथंच का? त्याचं उत्तर शोधायला जगाच्या नकाशाचीही गरज नाही. एक सातारा जिल्हा पुरतो.

या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला माण तालुका, तिथं पाचशे मिलिमीटर भरले तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. सरळ रेषेत दोन्हींमधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आत. दोघांचा कलेक्टर एक, जिल्हा परिषद एक, आणि पावसात दहापटीहून जास्त फरक. समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतं, थंड होतं आणि ओझं तिथंच उतरवतं. पलीकडे उतरताना ते पुन्हा तापतं, कोरडं होतं. पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. या ‘छाये’त राहणाऱ्याच्या डोक्यावर ऊनच असतं.

तिथली माणसं काय करतात? माण-फलटण भागातले धनगर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. भाताची कापणी झालेली असते, खाचरं मोकळी असतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतो. रात्रभर कळप बसला की जमिनीला लेंडीखत मिळतं, आणि धनगराला त्याबदल्यात धान्य. पुढचा पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला कळप परत वर येतात, कारण कोकणातली ओल मेंढरांना सोसत नाही आणि इकडे माळावर तेव्हाच चारा उगवायला लागतो. डोंगराची एक बाजू कोरडी आणि एक बाजू ओली आहे, याचा इतका नेमका उपयोग मला दुसरीकडे क्वचितच दिसला. दहावीच्या पुस्तकात या वाटेचा नकाशा असावा, असं मला मनापासून वाटतं.

काहीजण याहून लांब गेले. माण-खटाव आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी इथली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, हे त्यांचं काम. दिल्लीपासून तमिळनाडूपर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीत मराठी बोलणारा गलाईवाला भेटला, तर गाव विचारून बघा. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं आहेत.

आणि मग पाणी. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सत्तरेक किलोमीटरवर, पण कडा पश्चिमेला तुटलेला आणि उतार पूर्वेला, म्हणून ती चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. कोयनेचंही तसंच. ती डोंगराला समांतर दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिसळते. तिच्यावर धरण बांधलं, आणि बोगद्यांतून तिचं पाणी उलट, पश्चिमेला, कड्यावरून खाली पोफळीला सोडलं. त्या पडण्यातून वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. ज्या कड्यानं माणचा पाऊस अडवला, त्याच कड्याच्या उंचीवर महाराष्ट्राचे दिवे लागले. यासाठी ज्यांची गावं बुडाली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत, हेही याच भूगोलात येतं.

कोयनेचं किती पाणी पश्चिमेला वळवायचं, याला कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादानं मर्यादा घातली: वर्षाला 67.5 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. आकडा कोरडा दिसतो. पण कराडच्या थोडं खाली, टेंभूला, कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर-आटपाडीकडच्या माळांवर नेलं जातं. कोयनेतून पश्चिमेला गेलेला प्रत्येक टीएमसी टेंभूपर्यंत पोचत नाही. धरण भरून वाहतं तेव्हा याची कुणाला आठवण नसते. पाऊस कमी झाला की लगेच बैठका सुरू होतात: वीज करायची की शेतीला सोडायचं? आटपाडीत डाळिंबाची बाग धरून बसलेला शेतकरी तेव्हा एकच गोष्ट विचारतो, पाण्याचं आवर्तन कधी सुटणार.