पट्टा ताणा, पण वीज तोडून

मुळा धरणाच्या पाण्यावर राहुरी तालुक्यात ऊस आणि घास वाढला, गोठे वाढले, आणि गोठ्याशेजारी विजेवरची कडबाकुट्टी आली. तिच्या पात्यांना सगळे घाबरतात. मोटरच्या पट्ट्याला कोणी घाबरत नाही आणि बोटे तिथेही जातात.

पट्टा सैल झाला की तो पुलीवर घसरतो, आवाज करतो, जळकट वास येतो. मग जाळी काढली जाते आणि चालत्या पट्ट्यालाच हात लावून किंवा राळ चोळून पाहिले जाते. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेत असेल आणि तिची पुली चार इंची असेल, तर पट्टा सेकंदाला साधारण साडेसात मीटर धावतो. हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला, तरी तेवढ्यात पट्टा जवळपास दोन मीटर पुढे गेलेला असतो. पट्टा पुलीत शिरतो त्या बेचक्यात बोट, बांगडी, पदर, ओढणी काहीही ओढले जाते. धारदार पात्याने तुटलेल्या बोटापेक्षा असे चिरडून उपटलेले बोट जोडणे फार अवघड, कारण रक्तवाहिन्या आणि नसा लांबवर ताणून तुटलेल्या असतात.

खरे तर ताण तपासायला पाच मिनिटे पुरतात. आधी मेन स्विच पाडून फ्यूज काढावा आणि खिशात ठेवावा. वीज गेली आहे म्हणून हात घालू नये. ती परत येते तेव्हा बटण चालूच असते. व्ही-बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबावा. पुलींमध्ये एक मीटर अंतर असेल, तर तो साधारण दीड सेंटिमीटर दबावा. जास्त दबला तर मोटरचे बोल्ट सैल करून ती मागे सरकवावी. फार ताणला तर बेअरिंग तापून लवकर झिजते. नवा पट्टा एक-दोन दिवस चालल्यावर थोडा वाढतो, म्हणून पुन्हा तपासावा. चिरा पडलेला पट्टा बदलावाच. जाळी घट्ट बसल्याशिवाय फ्यूज लावू नये.

तरीही अपघात झालाच, तर हात ओढू नये, यंत्र उलटे फिरवू नये. वीज तोडून पट्टा कापावा. जखम स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. हळद, चुना लावू नये. धनुर्वाताची लस विसरू नये.

1948 च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या भागांना कुंपण सक्तीचे केले, पण ते कारखान्यांपुरते. घरच्या गोठ्यात निरीक्षक येत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेला तर 1 लाख रुपये मिळतात; पत्र्याच्या जाळीला त्याच्या मानाने काहीच खर्च नाही. म्हणून जाळीशिवाय कडबाकुट्टी विकायला बंदी हवी. राहुरीतच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा गावोगावी पट्टे आणि जाळ्या तपासून दिल्या, तर कित्येकांची बोटे वाचतील.