दुकानातील मांजराची सर्दी

धान्यपेठेतील जुन्या भुसार दुकानांत गोण्यांच्या थप्पीवर एखादे मांजर निजलेले हमखास दिसते. वहीखात्यात त्याची नोंद नसते, मात्र त्याच्या नुसत्या वावराने उंदीर दूर राहतात आणि कोणताही उपाय न योजता माल सुरक्षित राहतो. असे मांजर पावसाळ्यात एके दिवशी शिंकू लागते. ‘गारठा बाधला असेल’ असे म्हणून मंडळी कामाला लागतात. दोन दिवसांनी त्याचे डोळे चिपडांनी चिकटतात, नाकातून घट्ट स्राव येतो आणि आवडीची वाटी समोर ठेवली तरी ते तोंड फिरवते.

यात गारठ्याचा दोष थोडा असतो. मांजरांच्या अशा सर्दीमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात. एक मांजरांचा हर्पिस विषाणू आणि दुसरा कॅलिसी विषाणू. कॅलिसीचा शोध १९५७ साली न्यूझीलंडमध्ये लागला, तर हर्पिसचा पुढच्याच वर्षी अमेरिकेत. मांजरांचा हा हर्पिस माणसाला होत नाही आणि कॅलिसीही होत नाही. तेव्हा घरात लहान मुले आहेत म्हणून आजारी मांजराला रस्त्यावर सोडण्याचे कारण नाही. दोहोंची लक्षणे बरीचशी सारखी असतात. हर्पिसमध्ये शिंका आणि डोळ्यांचा दाह अधिक, क्वचित बुबुळावर व्रण. कॅलिसीमध्ये जिभेवर व टाळूवर फोड येतात, लाळ गळते, काही पिल्ले काही दिवस लंगडतातही.

हर्पिसचा स्वभाव व्यापाऱ्यांना चटकन उमगेल असा आहे. हे खाते एकदा उघडले की सहसा बंद होत नाही. मांजर बरे होते, अंगावर तेज येते, तरी विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत निद्रिस्त राहतो. बऱ्या झालेल्या मांजरांपैकी बहुतेक सर्व अशी आजन्म वाहक बनतात. घर बदलणे, अनोळखी जागी राहणे, प्रसूती, दुसऱ्या मांजराचे आगमन अशा कोणत्याही ताणानंतर साधारण आठवडाभराने विषाणू पुन्हा नाकातोंडातून बाहेर पडू लागतो. मांजर शिंकेलच असे नाही. वाहक मांजरी व्याली की पिल्ले काही आठवड्यांची होतात, आईकडून मिळालेले संरक्षण ओसरू लागते, आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्याकडूनच त्यांना लागण होऊ शकते. सर्वांत मोठी हानी याच पिल्लांची होते. कॅलिसीचा वाहक मात्र ताण असो वा नसो, आठवडेच्या आठवडे, कधी वर्षानुवर्षे विषाणू सोडत राहतो.

खरा धोका सर्दीपेक्षा उपासमारीचा असतो. मांजर वासावर जेवते. नाक बंद झाले की त्याच्या दृष्टीने अन्न अन्नच राहत नाही. काही दिवस पोटात काही न गेल्यास, विशेषतः स्थूल मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि जीव धोक्यात येतो. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक व डोळे पुसावेत, खाणे किंचित कोमट करून वास उठेल असे द्यावे. पिल्लू दिवसभर आणि मोठे मांजर दोन दिवस जेवले नाही तर पशुवैद्यकाकडे न्यावे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, ती वरून जडलेल्या जिवाणूंसाठी असतात. गंभीर हर्पिससाठी विषाणुरोधक औषधही उपलब्ध आहे, परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

याच काळात घरोघरी एक घातक चूक होते. अंग तापलेले पाहून कुणी कनवाळू व्यक्ती पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कालवून देते. मांजराच्या यकृतात हे औषध निष्प्रभ करणारी यंत्रणा फारच दुबळी असते. रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होतात, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा व पंजे सुजतात. एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईलही तसेच, त्याने पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर आपले पंजे चाटते. कॅलिसी विषाणू कोरड्या जागी सुमारे महिनाभर टिकू शकतो, त्यामुळे स्वच्छता हवीच. त्यासाठी घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून भांडी व फरशी पुसावी आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन वाळू द्यावी.

आहाराचा प्रश्न जैन घरात अवघड असतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराच्या डोळ्यांना व हृदयाला आवश्यक असून तो वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसतो. नुसत्या दूधपोळीवर मांजर सुदृढ राहत नाही. मांजर पाळण्याआधीच ही गोष्ट पशुवैद्यकापुढे मोकळेपणाने मांडलेली बरी.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिली जाते. पुढील मात्रा डॉक्टर ठरवतात. तिने लागण पूर्णपणे टळत नाही, आजार मात्र सौम्य होतो. खर्चाच्या मानाने हा सौदा फायद्याचाच.

पेठेत सोडून दिलेले पिल्लू जीवदयेपोटी उचलून आणले जाते आणि लगेच घरच्या मांजराशेजारी ठेवले जाते. ते शिंकत नसले तरी दोन आठवडे निराळ्या खोलीत ठेवावे, त्याची वाटी व मातीचा डबा वेगळा असावा. आधी घरच्या मांजराचे खाणे-पिणे उरकावे, मग पिल्लाकडे जावे, आणि तेथून बाहेर पडताना साबणाने हात धुऊन अंगावरचा सदरा बदलावा.