आश्रिताचा शिक्का

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील मराठी माणूस हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तो स्वतः जागचा हललाही नव्हता. बदलला तो केवळ कागद. कागदाच्या एका फेऱ्याने माणसाचा दर्जा कसा पालटतो, हे बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागाला कोणी सांगावयास नको. आज तेथील सुशिक्षित कन्यांपुढे तोच प्रश्न सातासमुद्रापार निराळ्या स्वरूपात उभा आहे.

कलबुर्गीत १९५८ साली, बिदरात १९८० साली आणि भालकीत १९८२ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. अशा शिक्षणाच्या बळावर परदेशीची वाट मुलींनाही मोकळी झाली. अमेरिकेत मिळणारा 'एच-वन-बी' हा नोकरीचा व्हिसा स्वकर्तृत्वाचा असतो. परंतु नोकरी सुटली, तर पुढची सोय लावण्यास फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात काम न मिळाल्यास, किंवा मुलाच्या संगोपनासाठी, पतीच्या व्हिसावर आधारलेला 'एच-फोर' हा आश्रिताचा दर्जा पत्करला जातो. घर तेच, शहर तेच, पदवीही तीच. कमावण्याचा हक्क मात्र संपतो. नियम पतीलाही लागू आहे. पण घर-मूल सांभाळण्याचा भार जेथे पत्नीवरच पडतो, तेथे हा शिक्काही बहुधा तिच्याच माथी बसतो.

२०१५ साली अमेरिकेने अशा काही आश्रितांना कामाची मुभा दिली. तीही कायम वास्तव्यासाठी पतीचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचले असेल तरच. म्हणजे पत्नीच्या श्रमाचा हक्क पुन्हा पतीच्याच कागदावर अवलंबून! विवाह मोडल्यास तो आधारही उरत नाही.

जमेची बाजू एक आहे. एच-वन-बीची वार्षिक संख्या मर्यादित असते व त्यासाठी सोडत निघते. त्या संख्येत एकदा मोजली गेलेली स्त्री आपल्या सहा वर्षांच्या मुदतीतील शिल्लक काळासाठी सोडतीविना परतू शकते. आश्रित म्हणून काढलेली वर्षे त्या सहांत धरली जात नाहीत. मात्र तिच्यासाठी नव्याने अर्ज करणारा मालक मिळावा लागतो.

गोमंतकात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पत्नी ही दांपत्याच्या मालमत्तेत निम्म्या हिश्शाची धनीण ठरते. त्या गोमंतकीयांना, प्रगत म्हणविणाऱ्या राष्ट्राने शिकल्यासवरल्या स्त्रीस आश्रित ठरवावे, हे खटकल्यावाचून राहणार नाही. तेथील कायदा बदलणे आपल्या हाती नाही. सावध राहणे आहे. परदेशस्थ वर पाहताना पत्रिका व पगार पाहण्याची आपली रीत आहे. त्यांच्या जोडीस व्हिसाही पाहिला पाहिजे. दर्जा बदलण्यापूर्वी मुलीने आपली शिल्लक मुदत मोजावी आणि जुन्या मंजुरीचे कागद स्वतःपाशी राखावेत. एकदा फिरलेला कागद परत फिरविणे किती दुर्घट असते, याचा अनुभव सीमाभाग १९५६पासून घेतोच आहे.